वरळीचे बेडूक आणि मुंबईचा ज्वालामुखी

जानेवारी २०२१मध्ये ‘मावळा’ हे बोगदा खणणारं अजस्र यंत्र प्रियदर्शिनी पार्कपाशी जमिनीत शिरलं आणि वर्षभराने गिरगाव चौपाटीच्या बाजूला बाहेर पडलं. सागरी किनारा मार्गासाठी १२.१९ मीटर व्यासाच्या या यंत्राने मलबार हिलच्या पोटातून सुमारे दोन किलोमीटर लांबीचा बोगदा कोरला. या टेकडीत तीन तऱ्हेचे खडक आहेत. पहिला बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, मुंबईकरांचा नेहमीचा काळा दगड. दुसरा ब्रेशिया, म्हणजे फुटलेल्या लाव्ह्याचे कोनेदार तुकडे राखेत आणि चिखलात सांधले जाऊन झालेला खडक. तिसरा शेल, म्हणजे संथ पाण्याच्या तळाशी साचत गेलेला आणि पुढे घट्ट झालेला गाळ.

या तिघांत शेल सर्वांत मऊ, दिसायला सर्वांत साधा, आणि तरीही सर्वांत बोलका आहे. लाव्ह्याखाली तळ्याचा गाळ सापडतो, याचा अर्थ एक उद्रेक थांबला, जमीन निवली, पाणी साचलं, झाडं आली, प्राणी आले आणि मग पुन्हा लाव्हा आला. मुंबईच्या खाली ज्वालामुखीचे खडक आहेत हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण ते उद्रेक नेमके कधी झाले, किती टप्प्यांत झाले, लाव्हा कुठून वर आला आणि मधल्या शांततेत इथे काय होतं, हा इतिहास जुळवायला संशोधकांना पावणेदोनशे वर्षं लागली आहेत. त्यातले काही दुवे अजूनही वादात आहेत.

एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ज्वालामुखी म्हटलं की फुजीसारखा शंकू डोळ्यांसमोर येतो. मुंबईत तसा शंकू नाही. दख्खनच्या पठारावरचा बहुतेक लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरत गेला. आज उरलेल्या त्या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. त्यामुळे मुंबईचा उद्रेक-इतिहास लिहिणाऱ्याला एका डोंगराचं चरित्र लिहिता येत नाही. टेकड्या, खाणी, बोगदे आणि पायाचे खड्डे यांत सुट्या सापडणाऱ्या पुराव्यांवरूनच क्रम लावावा लागतो.

हा क्रम लावण्याची किल्ली शहराच्या ठेवणीतच आहे. जुन्या मुंबई बेटाला दोन कणे आहेत. पश्चिमेचा कणा मलबार हिल, कंबाला हिल आणि वरळीचा. पूर्वेचा नवरोजी हिल, माझगावची भंडारवाडा टेकडी, परळची गोलंजी हिल, शिवडी किल्ल्याची टेकडी आणि अँटॉप हिल असा उत्तरेला शीवकडे जाणारा. दोहोंमध्ये सखल पट्टा. गिरगावच्या वाड्यांपासून लालबाग, परळ, दादरपर्यंतची दाट वस्ती बरीचशी या पट्ट्यात किंवा त्याच्या काठांवर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पडेपर्यंत यातल्या मोठ्या भागात भरतीचं पाणी शिरत असे. हिंदमाताला आजही पाणी तुंबतं, कारण ती जागा बशीसारखी खोलगट आहे.

या बेटावरचे लाव्ह्याचे थर आडवे नाहीत. ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. म्हणून मलबार हिलचा चौपाटीकडचा, पूर्वेचा कडा उभा आहे आणि समुद्राकडची उतरण त्या मानाने सौम्य आहे. थर कललेले असले की जमिनीवरून आडवं चालणारा माणूस प्रत्यक्षात काळातून चालत असतो. शिवडीहून परळ-लालबागमार्गे वरळीला जाणारा मुंबईकर जुन्या खडकांकडून नव्या खडकांकडे जातो. वाटेत मधले मऊ थर झिजून सखल भाग झाला आणि कठीण बेसॉल्ट वरळी-मलबारच्या कण्याच्या रूपाने टिकून राहिला. शहराचा चढउतार असा त्याच्या उद्रेकांच्या क्रमाने ठरलेला आहे.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, आणि तेही पेशाने भूशास्त्रज्ञ नसलेल्या माणसांनी. ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट हे त्यांतले एक, शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर हे दुसरे. कार्टरांनी १८५२च्या सुमारास रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात बेटाच्या भूरचनेवर सविस्तर लेख लिहिला. पश्चिम कण्याच्या बेसॉल्टखाली गोड्या पाण्यात साचलेले थर आहेत, हे त्यात स्पष्ट मांडलेलं आहे. कार्टर पुढे समुद्री स्पंजांवरच्या कामासाठी जगभर ओळखले गेले. पण मुंबईपुरतं बोलायचं तर हा लेख त्यांचं मोठं देणं आहे. १८६६मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ए. बी. विन यांनी बेटाचं रीतसर सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. खाणी उघड्या होत्या, टेकड्या फुटत होत्या, भराव घातले जात होते, त्यामुळे या पिढीला जे उघड्या डोळ्यांनी दिसलं ते पुढच्या कोणालाच तसं दिसलेलं नाही.

गोड्या पाण्याच्या याच थरांत वरळीला बेडूक सापडले. लहानखुरे, पण शेकड्यांनी, आणि कित्येकांचे सांगाडे अखंड. १८४७मध्ये लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन करून ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. हे तेच ओवेन, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवला होता. पुढे फर्डिनांड स्टोलिक्झका यांनी १८६९मध्ये या बेडकांच्या हाडांवर लिहिलं आणि १९३०मध्ये न्यूयॉर्कच्या जी. के. नोबल यांनी त्यांना ‘इंडोबॅट्राकस’ ही स्वतंत्र प्रजाती दिली. बेडकांबरोबर कासव मिळालं, शिंपल्यासारख्या कवचातले सूक्ष्म कवचधारी जीव मिळाले, वनस्पतींचे अवशेष मिळाले. बेडकाची कातडी खारं पाणी सहसा सोसत नाही. म्हणजे लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये इथे गोड्या पाण्याची तळी होती आणि ती अशा भरगच्च जीवसृष्टीला पुरेल इतका काळ टिकली होती. ज्वालामुखीच्या इतिहासात शांततेची लांबी मोजणं हे उद्रेक मोजण्याइतकंच महत्त्वाचं असतं. ती मोजण्याचं पहिलं साधन मुंबईला या बेडकांनी दिलं.

त्यांच्या वयाची कथा मात्र बरीच भरकटली. एकोणिसाव्या शतकात ते थर ढोबळपणे तृतीयक काळातले, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचे मानले गेले. १९८५मध्ये स्पिनार आणि होद्रोवा या चेक संशोधकांनी याच बेडकांवर नव्याने लिहिताना त्यांना पूर्व इओसीन काळात, म्हणजे आणखी अलीकडे आणून ठेवलं. दरम्यान दख्खनच्या इतर भागांतल्या अशा थरांत डायनोसॉरचे अवशेष मिळू लागल्याने मुंबईचे थरही तेवढेच जुने, क्रिटेशस काळाच्या अखेरचे, असा मतप्रवाह बळावला. जोगेश्वरीजवळच्या आंबोलीच्या खाणीतून मिळालेल्या कासवाला २००३मध्ये ‘संकुकेमिस सेथनाय’ असं नाव मिळालं, तेव्हा ते उत्तर क्रिटेशसचंच मानलं होतं. लगेच २००५मध्ये क्रिप्स, विडोसन, स्पायसर आणि जॉली यांनी त्याच परिसरातल्या परागकणांचा अभ्यास मांडला आणि थर डेनियन काळातले, म्हणजे डायनोसॉरांच्या अंतानंतरचे असल्याचं सांगितलं. परिसर किनारी होता, हेही त्यांनी दाखवलं. एकाच परिसरातल्या गाळाबद्दल दोन वर्षांच्या अंतराने दोन विरुद्ध निष्कर्ष आले. जीवाश्मांवरून लावलेलं वय तुलनेवर उभं असतं, आणि ज्या जीवांची तुलना करायची तेच इतरत्र दुर्मीळ असतील तर ते डळमळतं. वाद सुटायचा तर खुद्द लाव्ह्याचं वय हवं होतं.

त्याआधी मुंबईच्या खडकांचं वेगळेपण लक्षात यावं लागलं. हे श्रेय धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाला जातं. तिथले प्राध्यापक आर. एन. सुखेसवाला यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या आरी पोल्डरव्हार्ट यांच्यासह १९५८मध्ये मुंबई परिसरातल्या बेसॉल्टवर मूलभूत लेख लिहिला. त्याच महाविद्यालयाचे एस. एफ. सेठना यांनी साष्टीतल्या खडकांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. वर उल्लेखलेल्या कासवाचं नाव त्यांच्याच सन्मानार्थ आहे. सह्याद्रीत जवळजवळ सगळा बेसॉल्टच. मुंबईत मात्र बेसॉल्टच्या जोडीला ट्रॅकाइट आणि रायोलाइट हे सिलिका जास्त असलेले, फिकट रंगाचे खडक आणि त्यांची राख आहे. मुंबईकरांनी हे खडक रोज पाहिलेले आहेत. काळा घोडा इथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट यांनी बांधलेली आहे. त्या एका भिंतीत मुंबईच्या ज्वालामुखीचे दोन स्वभाव शेजारी-शेजारी बसले आहेत. पातळ बेसॉल्ट दूरवर वाहत जातो. रायोलाइटचा लाव्हा घट्ट, चिकट असतो. त्यात वायू कोंडतात आणि तो अनेकदा स्फोटासह, राखेच्या लोटांसह बाहेर येतो. शिवाय असा चिकट लाव्हा उगमापासून फार लांब जात नाही. म्हणून मुंबईच्या या चिकट लाव्ह्याची तोंडंही मुंबईतच किंवा अगदी जवळ असणार. मुंबई म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याची केवळ पश्चिमेकडची कड, हे जुनं चित्र इथे मोडतं, आणि ते मोडायलाच हवं होतं.

वय मोजण्याचा प्रयत्न नव्वदच्या दशकानंतर गंभीरपणे सुरू झाला. पद्धत पोटॅशियम-अर्गॉनच्या नात्यावर आधारलेली. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार अत्यंत संथपणे बदलतो आणि त्याच्या काही भागाचा अर्गॉन वायू होतो. निम्मा बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात. लाव्हा थिजला की नवा अर्गॉन स्फटिकात अडकत जातो, आणि तो मोजला की वय निघतं. ऐकायला सरळ आहे. पण मुंबईचा दगड या कामाला फार अवघड आहे. इथल्या लाव्ह्याचा काही भाग पाण्यात शिरून उशांसारख्या गोळ्यांत थिजला, आणि गरम खनिजयुक्त पाणी खडकांत दीर्घकाळ मुरत राहिलं. कांदिवली, मालाडच्या खाणींतून संग्राहकांनी नेलेले प्रेहनाइट, लोमोंटाइटचे सुंदर स्फटिक ही त्याच पाण्याची करणी. संग्राहकाला जे मोलाचं, ते कालमापनाला घातक. बदललेल्या खडकातून अर्गॉन निसटलेला असतो आणि वय चुकतं.

पवईच्या आयआयटीतले हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी यांनी ताजे नमुने शोधून हे काम तडीला नेलं. २००१मध्ये त्यांनी मुंबईच्या ट्रॅकाइटची वयं प्रसिद्ध केली. एक ६ कोटी १८ लाख वर्षं, दुसरं ६ कोटी ४ लाख, आणि दोन्हींतली अनिश्चितता सुमारे सहा लाखांची. त्याच वर्षी अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं वय ६ कोटी ५ लाख वर्षं आलं, त्यातली अनिश्चितता बारा लाखांची. गावदेवीचं देऊळ माथ्यावर वागवणारा हा उभ्या खांबांचा बेसॉल्ट सह्याद्रीच्या मुख्य उद्रेकाचा भाग नव्हता, हे त्यातून कळलं. सह्याद्रीतला मुख्य लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरांच्या अंताच्या आगेमागेचा. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने २०१५मध्ये लाव्ह्यांमधल्या थरांतल्या झिरकॉन स्फटिकांवरून ते वय आणखी नेमकं केलं. मुंबई त्यानंतर पेटली. २०१७मध्ये कांचन पांडे, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे व्ही. यतीश आणि शेठ यांनी मुंबईच्या बेसॉल्टचा मोठा उद्रेक सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षांपूर्वीचा असल्याचं मांडलं. सह्याद्री उभारणारा लाव्हा थिजून गेल्यावर तीस-पस्तीस लाख वर्षांनी किनाऱ्यालगत हे दुसरं पर्व आलं. ही कालगणना मान्य केली तर वरळीच्या बेडकांनी डायनोसॉर पाहिलेले नसणार. जीवाश्मांच्या वादात डेनियनवाल्यांची बाजू त्यामुळे भक्कम होते.

इथे थोडी सावधगिरी हवी. २००१ची आणि २०१७ची वयं तंतोतंत जुळत नाहीत. मुंबईत उद्रेक वीस लाख वर्षं अधूनमधून चालले, की एक जोरदार झटका आला आणि उरलेला फरक मोजमापाचा, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. या पद्धतीत प्रत्येक वय एका मानक नमुन्याच्या तुलनेत काढतात. मानकाचं वय एका टक्क्याने सुधारलं तरी ६ कोटी वर्षांच्या उत्तरात सहा लाखांचा फरक पडतो. बंदरापलीकडच्या घारापुरी बेटावरचं २०१९मध्ये आलेलं काम पहिल्या शक्यतेच्या बाजूने झुकतं. तिथले लाव्ह्याचे थर आणि त्यांना छेदणाऱ्या, शिलारसाने भरून भिंतीसारख्या थिजलेल्या भेगा मिळून जवळपास पन्नास लाख वर्षांची नोंद ठेवतात. पर्यटक लेण्यांतली त्रिमूर्ती पाहून परततात, पण ती ज्या खडकात कोरली आहे त्याचीही गोष्ट तितकीच भव्य आहे.

हे दुसरं पर्व का आलं? याचं उत्तर समुद्रात आहे. त्या काळी सेशेल्स बेटांचा तुकडा आणि लक्ष्मी रिज हा आज अरबी समुद्रात बुडालेला भाग भारताला जोडलेले होते. भूपट्ट ताणला जाऊन ते सुटू लागले, आणि ताणाच्या रेषेवर लाव्ह्याला वाट मिळाली. सेशेल्समधल्या सिलुएट आणि नॉर्थ आयलंड या बेटांवर अग्निजन्य खडक आहेत. त्यांची वयं ६ कोटी ३० लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या उद्रेकाला लागून आहेत. आज दोहोंमध्ये हजारो किलोमीटरचा समुद्र आहे. ज्वालामुखीच्या त्या काळात ते शेजारी होते.

मुंबईचे थर समुद्राकडे का कललेले आहेत, त्याचाही संबंध या फारकतीशी लागतो. जे. बी. ऑडेन यांनी १९४९मध्ये थर समुद्राकडे वाकवणाऱ्या, पनवेलजवळून जाणाऱ्या वळणाची, ‘पनवेल फ्लेक्शर’ची, नोंद केली. तेव्हापासून त्यावर बरंच लिहिलं गेलं. जमीन नुसती वाकली, की खोल प्रस्तरभंगांवरून तुकडे सरकून ती कलली, हा वाद आहे. शेठ यांनी १९९८मध्ये दुसरी बाजू मांडली. २०१४मध्ये शेठ आणि पांडे यांनी उत्तनजवळच्या डोंगरीतला (सँडहर्स्ट रोडजवळची डोंगरी नव्हे) रायोलाइट तपासला. तोही कललेला आहे आणि त्याचं वय मुंबईच्या बेसॉल्टच्याच पट्ट्यात येतं. यावरून एक पक्कं कळतं. जमीन कलली ती या उद्रेकानंतर. म्हणजे वरळीची तळी भरली तेव्हा त्यांचा तळ सपाट होता, आणि मलबार हिलचा उभा कडा पुढच्या काळातला.

लाव्ह्याची तोंडं कुठे होती, हा सर्वांत अवघड भाग. मुंबईभोवती गुरुत्वाकर्षण सामान्यापेक्षा जास्त भरतं, आणि एम. ताकिन यांनी १९६६मध्ये त्याचं स्पष्टीकरण खाली दडलेल्या जड अग्निजन्य खडकाच्या प्रचंड साठ्याने दिलं. म्हणजे वर आला त्याहून कितीतरी जास्त शिलारस खालीच थिजला असावा. मनोरी-गोराई भागात २०१२मध्ये झेल्मर, शेठ आणि सहकाऱ्यांनी बेसॉल्ट आणि ट्रॅकाइट वितळलेल्या अवस्थेतच एकमेकांत मिसळल्याच्या खुणा दाखवल्या. दोन तऱ्हेचे शिलारस एकाच वेळी, एकाच जागी हाताशी होते, असा त्याचा अर्थ. गिल्बर्ट हिल हे एखाद्या मुखात थिजलेलं बूच होतं, की मोठ्या थराचा उरलेला अवशेष, यावरही एकमत नाही. त्याच्या भोवतालचे खडक आज इमारतींखाली गेले आहेत, आणि भोवतालचं न पाहता मुखाचा निर्णय करणं कठीण.

सामान्य मुंबईकराचा प्रश्न वेगळा असतो: हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का? नाही. भूपट्ट ताणणारी ती रेषा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात दूर सरकली. वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं पाहून खाली लाव्हा असल्याची समजूत पसरते. तिथलं पाणी भेगांतून खोल जाऊन, खडकांच्या नैसर्गिक उष्णतेने तापून वर येतं. भारतात जागृत ज्वालामुखी पाहायचा तर अंदमानातल्या बॅरन बेटावर जावं लागतं. तिथे १९९१पासून पुन्हा उद्रेक होत आले आहेत.

मग आता पुढचं काम कुठे? गेल्या दहा वर्षांत दक्षिण आणि मध्य मुंबईच्या पोटात जितकं खणलं गेलं तितकं आधी कधीच खणलं गेलं नव्हतं. ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो गिरगाव, काळबादेवी, दादर, वरळीखालून गेली. गिरगाव आणि काळबादेवीसारख्या दाटीच्या ठिकाणी स्थानकांचा काही भाग वरून न उघडता, आतूनच खडक फोडत केला. हिंदमाताचं पाणी साठवायला दादर आणि परळला भूमिगत टाक्या खोदल्या. गिरगावातल्या चाळी आणि लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उठताना प्रत्येक पायासाठी बोअर मारले जातात आणि लांबच लांब दांड्यांच्या रूपात खडक वर येऊन पेट्यांत रचला जातो. अभियंता त्यात मजबुती पाहतो, मुरूम कुठे संपला आणि पक्का दगड कुठे लागला ते लिहून घेतो. इमारत उभी राहिली की त्या पेट्यांचं काम संपतं. कार्टर आणि विन यांना खाणीच्या तोंडाशी जे दिसलं त्याहून खोलवरचा, सलग आणि न झिजलेला पुरावा या पेट्यांत आहे. तो टाकून देणं हे या शहराचं खरंखुरं नुकसान आहे. त्यातल्या राखेच्या एका थरात जरी झिरकॉन मिळाले, तर सह्याद्रीसाठी प्रिन्स्टनच्या गटाने केलं तसं काम शिवडीपासून वरळीपर्यंतच्या क्रमावर करता येईल. मग बेडकांच्या तळ्याचं वय वर आणि खाली अशा दोन्ही बाजूंनी बांधलं जाईल. समुद्रात, मुंबई हायच्या परिसरात, तेलाच्या विहिरींनी गाळाच्या जाड थरांखालच्या दख्खनच्या बेसॉल्टपर्यंत मजल मारलेली आहेच. तिथले आणि शहरातले नमुने एकाच पद्धतीने, एकाच मानकावर तपासले गेले, तर लाव्हा पश्चिमेकडून आला की थेट मुंबईखालून, याचा निवाडा अंदाजावर न राहता मोजमापावर होईल.